लेकीची वर्षं राखून ठेवा

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, कोरपना येथे, एका सेवानिवृत्त शिक्षिकेने केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सख्यांसाठी छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, ही विनंती.)



मला बोलावलं तेव्हा ताईंनी सांगितलं, "बाई, मुलींच्या शिक्षणावर बोला." मी म्हटलं, शिक्षणावर सगळेच बोलतात. मी आज पोरींच्या पळण्यावर बोलते. दोन-चार जणी हसल्या. हसा. पण शेवटी मी माझी एक चूक सांगणार आहे, ती ऐकल्याशिवाय उठू नका. कारण ती चूक तुमच्याही घरात झालेली असू शकते.

डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात १९ वर्षांखालच्या मुलामुलींच्या राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. मैदानी स्पर्धा म्हणजे धावणं, उड्या, गोळा, थाळी, भाला. देशभरातली मुलं आपल्या जिल्ह्यात आली होती. मी एक दिवस राजुऱ्याहून एसटीने गेले. गॅलरीत बसून मी खेळ कमी पाहिला आणि पोरी जास्त पाहिल्या. कोणी केरळची, कोणी हरियाणाची, कोणी आपल्या महाराष्ट्राची. बहुतेक शेतकऱ्या-मजुरांच्या लेकी. हात काळे, पाय दगडासारखे. आपल्याच पोरी वाटत होत्या. फरक एवढाच होता की त्यांच्या घरच्यांनी त्यांना चार-पाच वर्षं राखून ठेवलं होतं.

"राखून ठेवलं" हा शब्द मी मुद्दाम वापरते. तुम्ही बचतवाल्या बाया आहात, तुम्हाला तो कळतो.

आता जगाचं सांगते. शालेय स्पर्धांच्या फार वर एक स्पर्धा असते, २० वर्षांखालच्या मुलामुलींची जागतिक मैदानी स्पर्धा. पूर्वी तिला जागतिक ज्युनिअर स्पर्धा म्हणत. १९८६ मध्ये ग्रीस देशात अथेन्सला ती पहिल्यांदा भरली. दर दोन वर्षांनी भरते, वेगवेगळ्या देशांत. ज्या वर्षी स्पर्धा, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलीचं वय १६, १७, १८ किंवा १९ पाहिजे. वीस झालं की दार बंद. पैसे असोत, ओळख असो, पाय कितीही चालोत, दार बंद म्हणजे बंद. दोन वर्षांनी एकदा येणारी स्पर्धा आणि चार वर्षांचं वय. हिशोब करा. एका मुलीच्या वाट्याला जन्मात दोनच संधी येतात.

या स्पर्धेपर्यंत कुणी उडी मारून जात नाही, पायऱ्या आहेत. शाळेत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. आश्रमशाळांच्या मुलांच्या स्पर्धा प्रकल्प पातळीवरून वेगळ्या होतात. ॲथलेटिक्स महासंघ जिल्ह्याजिल्ह्यांतली १४ आणि १६ वर्षांखालची मुलं निवडून त्यांची देशपातळीवर स्पर्धा घेतो. त्याच्या वर आशिया, आणि मग जग. प्रत्येक पायरीवर दारात एक जण कागद घेऊन बसलेला असतो आणि त्याचा पहिला प्रश्न एकच असतो. "जन्मतारीख?"

हे लक्षात ठेवा, पुढे याच प्रश्नावर येणार आहे.

आता एका मुलीची गोष्ट. नाव हिमा दास. आसाममध्ये नगाव जिल्ह्यात धिंग नावाचं गाव आहे, त्या भागातली. घर भातशेतीचं. आपल्याकडे कापूस, तिकडे धान. ही पोरगी लहानपणी मुलांसोबत फुटबॉल खेळायची. पळते चांगली हे शाळेतल्या शिक्षकांच्या लक्षात आलं. मग निपोन दास नावाच्या प्रशिक्षकाने तिला पाहिलं आणि घरच्यांना विनवलं की हिला गुवाहाटीला पाठवा. गुवाहाटी म्हणजे गावापासून शे-सव्वाशे किलोमीटरच्याही पुढे. तुम्ही पाठवली असती? खरं सांगा. सोळा-सतरा वर्षांची पोर, परका शहर, परका माणूस. त्या आईबापांनाही वाटलंच असेल. पण पाठवली.

मग पायऱ्या पाहा. २०१७ मध्ये ती केनियात नैरोबीला १८ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर पळाली. पाचवी आली. पाचव्या नंबरला पदक नसतं. पण घरच्यांनी "झालं, आता बस" म्हटलं नाही. पुढच्या वर्षी, १२ जुलै २०१८ ला, फिनलंड देशात टाम्पेरे गावी ती २० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेच्या ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उभी राहिली. ४०० मीटर म्हणजे मैदानाची एक पूर्ण फेरी. शेवटच्या वळणापर्यंत ती पुढे नव्हती. सरळ पट्टा लागला आणि पोरीने एकेकीला मागे टाकलं. ५१.४६ सेकंद. आपण हापशीवर एक घागर भरतो ना, तेवढ्या वेळातच. सुवर्णपदक. जागतिक पातळीच्या स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत भारताला मिळालेलं ते पहिलं सोनं. त्याआधी पुरुषांनाही मिळालं नव्हतं, बायकांनाही नाही.

शर्यत झाल्यावर तिने तिरंगा घेतला आणि गळ्यात आसामचा गमोसा टाकला. आपल्याकडे जसा शेला-दुपट्टा असतो, तसा तो. पदक देताना राष्ट्रगीत सुरू झालं आणि तिच्या डोळ्यातून पाणी आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती जाकार्ताच्या आशियाई खेळांत मोठ्या बायकांमध्ये पळाली आणि ४०० मीटरचं रौप्यपदक आणलं. पुढे आसाम पोलिसांत डीएसपी झाली.

हिमाची जन्मतारीख ९ जानेवारी २०००. ही तारीख मला पाठ आहे. का पाठ आहे, ते आता सांगते. इथून माझी चूक सुरू होते.

२००५ सालचा जून महिना. मी याच भागातल्या एका गावात पहिलीच्या वर्गावर होते. नवीन नावं घालणं सुरू होतं. एक माय आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी उंच, अंगाने काटक, माझ्या टेबलापाशी एका पायावर उड्या मारत होती. मी विचारलं, जन्मतारीख काय? माय म्हणाली, "बाई, मी मोहा येचाले गेली होती, तवाच पोटात दुखाले लागलं. मोहाच्या दिवसातली हाय. साल काई याद नाही." दाखला नव्हता. मी पोरीकडे पाहिलं. उंचीवरून सहाची दिसत होती. मी रजिस्टरवर लिहिलं, १ जून १९९९.

तुम्ही हसता, कारण तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणींची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै आहे. गावंच्या गावं एका दिवशी जन्मलेली. मास्तर-मास्तरणींनी कागदावर जन्माला घातलेली. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. शाळेत बसली ना पोर, झालं.

ती पोरगी पळायची. सुट्टीची घंटा झाली की सगळ्यांच्या आधी फाटकापाशी. पुढे मोठ्या शाळेत गेली, कॉलेजात गेली. अकरावीत क्रीडाशिक्षकांनी तिला ८०० मीटरला लावलं. म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. २०१६ मध्ये, बारावीला असताना, तिला १९ वर्षांखालच्या गटात घातलं, कारण कागदावर तिचं साल १९९९ होतं. १७ वर्षांखाली खेळायला त्या वर्षी २००० चा जन्म लागत होता. ती जिल्ह्यात पहिली आली. नागपूरला विभागाला गेली. तिथे तिच्याहून एक-दोन वर्षांनी मोठ्या, भरल्या अंगाच्या मुली होत्या. चौथी आली. त्याच दिवशी १७ वर्षांखालच्या गटात जी मुलगी पहिली आली, तिच्यापेक्षा आपल्या पोरीची वेळ कमी होती. म्हणजे ही जास्त वेगाने पळाली होती. पण तिचा गट वेगळा.

काही दिवसांनी तिची माय माझ्या घरी आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. पेटी उपसताना सापडला म्हणाली. नर्सबाईंनी लस टोचतानाचं जुनं कार्ड, घडीवर फाटलेलं. त्यावर तारीख होती, मार्च २०००. मोहाच्या दिवसातली. माय खोटं बोलली नव्हती, मीच अंदाजाने वर्ष वाढवलं होतं.

"बाई, आता हे दुरुस्त होईल का?" तिने विचारलं. मी दोन ठिकाणी विचारपूस केली. पण पोरीची दहावी होऊन गेली होती, सर्टिफिकेटवर तारीख छापून आली होती. शाळेतलं रजिस्टर शाळेत असताना बदलणं वेगळं आणि बोर्डाचा कागद निघाल्यावर बदलणं वेगळं. ज्यांना शक्य आहे ते वकील करतात, वर्षभर फिरतात. त्या घरात कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहत होते. कुठून फिरणार?

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे, सख्यांनो. घरचे म्हणाले, चौथी आली, म्हणजे पळण्यात काही राम नाही. स्थळ आलं. कागदावर १ जून २०१७ ला तिला अठरा पूर्ण झाले. जूनच्या पहिल्या आठवड्यात लग्न झालं. पत्रिकेवर कुणी आक्षेप घेतला नाही, कारण कागद बरोबर होता. खऱ्या वयाने ती सतरा वर्षं आणि तीन महिन्यांची होती.

म्हणजे मी लिहिलेल्या एका तारखेने काय केलं पाहा. मैदानावर तिला एक वर्ष मोठी केली आणि हरवली. मांडवात तिला एक वर्ष मोठी केली आणि बसवली. एकाच शाईने दोन्ही.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये टीव्हीवर हिमा दासची बातमी आली. वय अठरा, जन्म २००० सालचा. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दोघी एकाच सालच्या. मी असं म्हणत नाही की आपली पोरगी हिमा झाली असती. जगात पहिलं येणं लाखात एखादीलाच जमतं. पण हिमाच्या शाळेतल्या कुणा बाईने तिची तारीख अंदाजाने १ जून १९९८ लिहिली असती, तर २०१८ साली ती कागदावर वीस वर्षांची झाली असती आणि टाम्पेरेचं दार तिला उघडलंच नसतं. जगातली सगळ्यात वेगवान पोर घरी बसून बातम्या पाहत राहिली असती. एवढं एका तारखेत असतं.

कुणी म्हणेल, मग बाई, वय कमीच लिहून टाकू, फायदाच होईल. नाही. ती लबाडी झाली, आणि ती पकडली जाते. मोठ्या स्पर्धांआधी मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय पाहतात. जास्त निघालं की बाहेर काढतात. आणि कमी वयाच्या गटात मोठी पोर घुसवली, तर ती दुसऱ्या कुणाच्या लेकीचा नंबर खाते. आपल्या पोरीवर जो अन्याय झाला, तो दुसरीवर कशाला? आपल्याला वाढवलेलं नको, घटवलेलं नको. खरं पाहिजे.

आता आईबद्दल बोलते. गटात शिलाई मशीनवाल्या ताई किती आहेत? हात वर करा. बघा, किती जणी. शैली सिंग नावाची लांब उडी मारणारी मुलगी आहे, उत्तर प्रदेशातल्या झाशीची. तिची आई विनिता शिलाईचं काम करायची. तिने एकटीने तीन लेकरं वाढवली. त्या माऊलीने पोरीला खेळासाठी दूर पाठवलं. पुढे ती बंगळुरूला अंजू बॉबी जॉर्ज यांच्या अकादमीत शिकली. ऑगस्ट २०२१ मध्ये नैरोबीला हीच २० वर्षांखालची जागतिक स्पर्धा झाली. शैली तेव्हा सतरा वर्षांची. तिने ६.५९ मीटर उडी मारली. स्वीडनच्या मुलीची उडी होती ६.६०. एका सेंटीमीटरने सोनं गेलं, रौप्य मिळालं.

तुमच्या शिलाईच्या टेपवर एक सेंटीमीटर केवढा असतो, ते मला सांगायची गरज नाही. ब्लाऊजच्या शिवणीत एवढा कपडा तर आपण असाच सोडतो. जगाच्या मैदानावर पोरी एवढ्याशा फरकाने जिंकतात-हरतात. म्हणून एक वर्ष इकडे-तिकडे, एक महिना उपाशी, एक पावसाळा आजारी, याला "चालते न" म्हणू नका.

आपल्या महाराष्ट्राच्या मुलीही मागे नाहीत. पुण्याची अवंतिका नराळे २०१९ मध्ये हाँगकाँगला १८ वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर ११.९७ सेकंदात पळाली आणि सोनं घेऊन आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी घरातली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत १०,००० मीटरला तिने कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई खेळांत रौप्य. आणि आपलं चंद्रपूर? मे २०१८ मध्ये आपल्या जिवती-देवाडा पट्ट्यातल्या आश्रमशाळांची पोरं एव्हरेस्टवर जाऊन आली. पाच जण शिखरावर पोहोचले, त्यात एक मुलगी होती. मैदानी खेळ वेगळा, डोंगर वेगळा, पण पायाचा आणि छातीचा दम तोच. तो आपल्या पोरांच्या अंगात आहे, हे आता कुणाला सिद्ध करून दाखवायचं राहिलेलं नाही.

तरी घराघरांत एक प्रश्न येतो. सासूबाई विचारतात, मालक विचारतात, "पोरीले पळवून का भेटते?" रास्त प्रश्न आहे. उत्तर पाठ करून ठेवा.

सगळ्या पोरी जगात जाणार नाहीत. शंभरातल्या नव्याण्णव तालुक्याला, जिल्ह्याला थांबतील. पण पळालेली पोर रिकामी राहत नाही. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. वनरक्षकाच्या भरतीत मुलींना तीन किलोमीटर धावावं लागतं. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्याला स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. गडचांदूर रोडवर पहाटे पळणाऱ्या ज्या पोरी तुम्ही पाहता, त्या भरतीची जाहिरात निघाल्यावर पळायला लागतात. दोन महिन्यांत दम येत नाही. बचतीसारखंच आहे हे. एकदम पाच हजार भरून गट चालत नाही, आठवड्याला थोडं-थोडं, न चुकता, वर्षानुवर्षं भरल्यावरच बँक दारात उभं करते. तेराव्या वर्षी पळायला लागलेल्या पोरीचं पासबुक एकोणिसाव्या वर्षी भरलेलं असतं. आणि भरतीच्या अर्जावरही पुन्हा तोच प्रश्न. जन्मतारीख?

आता पोटाचं आणि रक्ताचं बोलू, कारण उपाशी पोरीला पळवणं पाप आहे.

आपल्याकडे पोर सकाळी चहा पिऊन शाळेत जाते. चहाने पळता येत नाही. महागडी पावडर लागत नाही. भिजवलेले चणे, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, भाकरीसोबत वरण, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, जमेल तेव्हा अंडं. घरात अंडं एकच असेल, तर ते पोराच्या ताटात जातं की पोरीच्या? मी विचारून ठेवते, उत्तर घरी द्या.

रक्त तपासून घ्या. किशोरवयीन मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. शाळेत आठवड्याला निळी गोळी देतात, ती खिशात घेऊन फेकू नको, असं पोरीला बजावा. आणि सिकलसेल. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार घराघरांत आहे. ज्या पोरीला सिकलसेल आहे, तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात पळवायचं नाही, लोहाची गोळीही त्यांना विचारूनच. जी नुसती वाहक आहे, ती पळू शकते, पण पाणी भरपूर, उन्हात नाही, आणि दम लागला की थांबायचं. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लपवायची गोष्ट नाही ती. लपवलं तर मैदानावर पोर पडते.

पाळी आली म्हणून पळणं बंद करायचं कारण नाही. दुखत असेल तर एक-दोन दिवस आराम. पण पाळी चार-पाच महिने आलीच नाही आणि पोर वाळत चालली, तर ती खात कमी आहे आणि राबते जास्त. लगेच दवाखान्यात दाखवा.

पळायची जागा. सिमेंटच्या ट्रका धावतात त्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पोरी पळवू नका. जंगलाकडच्या गावांत उजाडल्याशिवाय बाहेर नको, एकटी तर मुळीच नको. पाच-सहा पोरी मिळून, सोबत गटातली एक बाई. ग्रामसभेत ठराव घ्या की शाळेचं मैदान सकाळी एक तास मुलींसाठी मोकळं राहील. दगड वेचून टाकायला पैसे लागत नाहीत, आपणच दहा जणींनी एक रविवार दिला की झालं.

आणि परक्या गावी पाठवताना डोळे उघडे ठेवा. सोबत बाई कोण आहे? राहायची सोय कुठे आहे? फोन कुणाचा? विचारायला लाजू नका. चांगला शिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्यासोबत पोर पाठवू नका.

आता काम. आपल्या गटांची दशसूत्री आहे, त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे. मी वेगळं काही सांगत नाही, त्याच्यातच बसणारी पाच कामं सांगते. पुढच्या बैठकीच्या प्रोसिडिंगला लिहून घ्या.

पहिलं. प्रत्येक सदस्याने घरातल्या लेकरांचे जन्माचे दाखले बैठकीत आणायचे. दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर, तिन्हीवर तारीख एकच आहे का, ते पाहायचं. फरक दिसला, तर पोर दहावीला बसायच्या आधी मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा. आधी, नंतर नाही.

दुसरं. गावात नवं बाळ जन्मलं की २१ दिवसांच्या आत नोंद. त्याला पैसे लागत नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दाखला घेऊनच घरी या. घरी झालं तर ग्रामपंचायतीत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, मग मजुरी बुडवून चकरा. ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना तर शाळेत घालायला, आधार काढायला जन्मतारखेचा हाच एक पुरावा धरला जातो. आता कोणती बाई उंची पाहून तारीख लिहू शकणार नाही. चांगलंच झालं.

तिसरं. गावात तेरा ते एकोणीस वयाच्या किती मुली आहेत, त्याची यादी. शाळा सोडलेल्या किती, लग्न ठरलेल्या किती. अठराच्या आत लग्न दिसलं, तर आपणच आधी घरी जाऊन बोलायचं. ऐकलं नाही, तर १०९८ वर फोन.

चौथं. तालुका आणि जिल्हा शालेय स्पर्धांच्या तारखा शाळेतून आणून सूचना फलकावर लावायच्या. पोर निवडली गेली तर जाण्या-येण्याला आणि बुटाला गटातून अंतर्गत कर्ज. बियाण्याला देतो, शेळीला देतो, मग बुटाला का नाही? परतफेड होते, मी जामीन राहते.

पाचवं. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीची माहिती मुख्याध्यापकांना विचारायची. तिथे राहणं, शाळा आणि खेळ एकत्र असतो. लहान वयातच घेतात, म्हणून पोर आठ-दहा वर्षांची असतानाच विचारा.

आता शेवटचं बोलते आणि बसते.

मागच्या दिवाळीत ती भेटली. राजुऱ्याच्या बाजारात. मीच तोंड फिरवणार होते, खरं सांगते. पण तिने हाक मारली, "बाई!" पाया पडली. सोबत तिची लेक, उंच, काटक, एका जागी पाय ठरत नव्हता. मी तिला म्हटलं, तुझी तारीख मी चुकवली, मला माफ कर. ती काही बोलली नाही. हातातली पिशवी उघडली, त्यातून एक फाईल काढली. शाळेत नाव घालायचं होतं म्हणून सगळे कागद सोबत होते. वरच जन्माचा दाखला, लॅमिनेशन केलेला.

"बाई, आठव्या दिवशीच काढला," ती म्हणाली. "हिची तारीख हिचीच हाय."

मग आम्ही दोघी तिथेच उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभ्या राहिलो. पोरगी बाजाराच्या गर्दीतून पळत पुढे गेली, आणि ती मागून ओरडत होती, "अगं, सांभाळून!" पण तिला थांबवत नव्हती.

सख्यांनो, आपण पैशाची बचत शिकलो. आता लेकीच्या वर्षांची बचत शिकू. तेरापासून एकोणीसपर्यंतची ती सहा वर्षं तिच्या नावावर राखून ठेवा. त्यातून ती जगात जाईल की जिल्ह्यात थांबेल, ते तिचे पाय ठरवतील. आपण फक्त मध्ये येऊन तिची वर्षं खर्च करायची नाहीत.

पुढच्या बैठकीला दाखले घेऊन या. मी स्वतः येऊन एकेकीचा तपासणार आहे. यावेळी उंची पाहून नाही, कागद पाहून.

जय सावित्री, जय जिजाऊ.